क्लाटूचा आरोप आणि अजनीची झाडं

'द डे द अर्थ स्टुड स्टिल' या हॉलिवूड सिनेमातली, पृथ्वी वाचवायला माणूसच संपवायचा ही कल्पना अतिरेकी आहे, असं काही जण म्हणतात. मला नाही तसं वाटत. १९५१ च्या मूळ सिनेमात क्लाटू हा परग्रहवासी अण्वस्त्रं आणि युद्धखोरीबद्दल इशारा द्यायला येतो. २००८ च्या आवृत्तीत माणसावरचा आरोप बदलतो: पर्यावरणाचा नाश. इतर जीव गोलाकार यानांमध्ये भरून आधीच सुरक्षित नेले जातात, माणूस तेवढा वगळून! तो भाग फार लागला मनाला.

माझा आक्षेप या नव्या सिनेमाच्या शेवटावर आहे. अगदी कड्यावर आल्याशिवाय माणूस बदलत नाही, हे त्याचं गृहीतक. आमच्या नागपुरात अजनी भागातल्या झाडांसाठी लोक कुऱ्हाड पडायच्या आधीच रस्त्यावर उतरले होते. झाडासाठी भांडणारा असा एकही साधा माणूस त्या पटकथेत दिसत नाही.