डिसेंबरातले अमेरिकी टीव्ही-सिनेमे आणि गाण्याच्या स्पर्धा: दुर्लक्षित, पण बघण्याजोगं काय?

प्रश्न: पडदानशीन
नाताळच्या सुट्टीत सात-आठ जणांनी एकत्र बसून बघण्यासाठी यादी करतोय. वयं नऊ ते सत्तर. 'द व्हॉइस' आणि 'आयडॉल' नकोत, ते सगळ्यांचे बघून झालेत. एनबीसीवर वाद्यांशिवाय गाणाऱ्या गटांची स्पर्धा लागायची, तिचा कुठला सीझन आधी लावावा? हॉलमार्क (नाताळचे गोडगोड टीव्ही-सिनेमे काढणारं अमेरिकी चॅनेल) छापाच्या सिनेमांत अर्ध्या तासात लोक फोनमध्ये डोकं घालतात, त्यावर काही उपाय? शिवाय गाणी टीव्हीवर फार पातळ ऐकू येतात, ते सेटिंगमुळे का?

खर्जातला
'द सिंग-ऑफ' म्हणताय. २००९ चा पहिला सीझन आधी लावा. १४ डिसेंबरला सुरू झाला आणि २१ ला निकाल लागून मोकळा. आठच गट. स्पर्धकाच्या घरची कर्मकहाणी, आईचे डोळे पुसणं वगैरेला वेळच नव्हता, त्यामुळे गाणी भरपूर. जिंकले पोर्तो रिकोचे नोटा. २०१० मध्ये दहा गट होते आणि कमिटेड जिंकले, अलाबामातल्या ओकवुड विद्यापीठातली सहा मुलं, गॉस्पेलच्या, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतांच्या, वळणाची. हा सीझनही सोडू नका.

२०११ ला चॅनेलनं कार्यक्रम डिसेंबरातून उचलून सप्टेंबरात नेला, गट सोळा केले, नोव्हेंबर संपेपर्यंत ताणला आणि तिथंच माती खाल्ली. पुढच्या वर्षी कार्यक्रमच नव्हता. २०१३ ला परत डिसेंबरात आला (होम फ्री जिंकले), २०१४ ला दोन तासांचा एकच भाग झाला आणि गाशा गुंडाळला.

बाहेर पडणारा गट जाताना निरोपाचं एक गाणं म्हणतो, ते पुढे ढकलू नका. तोवर निकालाची टांगती तलवार गेलेली असते, बऱ्याचदा त्या गटाचं तेच सर्वांत मोकळं गाणं असतं.

झिम्मा_झिंगाट
खर्जातला, इथे असहमत. नवख्या लोकांना तिसराच, २०११ चा, सीझन लावा, कारण त्यात पेंटाटॉनिक्स हा गट आहे. पाचच माणसं: तीन वरचे आवाज, एक बेस (खर्जाचा आवाज), एक बीटबॉक्स (तोंडानं ताल वाजवणारा). दहा-बारा जणांच्या गटात कोण काय गातंय हे नवशिक्या कानाला कळत नाही, इथे प्रत्येक आवाज वेगळा काढता येतो. पहिल्यांदा फक्त बेस धरा, दुसऱ्यांदा फक्त बीटबॉक्स, तिसऱ्यांदा सगळं. सीझन पसरट आहे हे कबूल, तेव्हा सगळे भाग बघायचा हट्ट नको, त्यांची गाणी तेवढी उचला.

तानपुरा_ऑन
आवाजाबद्दल. बेस गायकाचा खालचा 'ई' म्हणजे सुमारे ८२ हर्ट्झ. चपट्या टीव्हीचे बारके स्पीकर शंभर-दीडशे हर्ट्झच्या खाली हात वर करतात. वरच्या स्वरांशांवरून कान तो स्वर ओळखतो, पण त्याचं वजन जातं. सबवूफर असलेला साउंडबार लावा, नाहीतर हेडफोन. सबवूफर फार चढवू नका, बीटबॉक्सचा ठोका शब्दांवर बसतो.

मग सेटिंगमध्ये जाऊन 'क्लिअर व्हॉइस', 'नाइट मोड' आणि 'ऑटो व्हॉल्यूम' बंद करा. पहिला संवादाचा पट्टा पुढे काढतो आणि खर्ज गिळतो, उरलेले दोन लहान-मोठा आवाज एका पातळीवर आणतात. मग हळू सुरू होऊन चढत जाणारं गाणं सुरुवातीपासूनच बोंबलतं. सिनेमासाठी मोशन स्मूदिंग, म्हणजे मध्ये जास्तीच्या फ्रेम घालून हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंगही बंद हवं (सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस, एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो), नाहीतर २४ फ्रेमचा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो.

ऐकताना एक खेळ करून बघा. वाद्य नाही म्हणजे सा धरून ठेवणारं कुणी नाही, सुरुवातीला मिळालेला एक स्वर तेवढाच आधार. संथ गाण्यात श्वास अपुरा पडतो, कुणाचा तरी गंधार किंचित खाली लागतो, बाकीचे त्याच्याकडे झुकतात आणि कडव्यागणिक पट्टी उतरते. सगळे मिळून उतरतात, म्हणून बेसूर वाटत नाही! फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावून पहिल्या ओळीला पट्टी जुळवा, मग आवाज बंद करून शेवटच्या ओळीला पुन्हा चालू करा. घसरण लगेच उघडी पडते. मध्येच मुद्दाम पट्टी बदललेली गाणी मात्र या खेळात घेऊ नका.

काकडआरती
हॉलमार्कचे सिनेमे टक लावून बघायला बनलेलेच नाहीत. दोन तासांच्या स्लॉटमध्ये खरा ऐवज साधारण ८४ मिनिटांचा, बाकी जाहिराती. जाहिरातीनंतर परत आलेल्या माणसाला धागा सापडावा म्हणून पात्रं झालेलं सगळं पुन्हा बोलून दाखवतात. ओटीटीवर जाहिराती नसल्या की हीच पुनरुक्ती डोक्यात जाते. उपाय सोपा: हाताला काम द्या. भेटवस्तूंना कागद लावा, करंज्या भरा. जमलं नाही तर वीस-पंचवीस मिनिटांनी थांबवून चहा घ्या.

मुलांना पडद्यावरचा खोटा बर्फ पकडायला लावा. यातले कित्येक सिनेमे कॅनडात, ऐन उन्हाळ्यात चित्रित होतात. जमिनीवर पांढरी गादी अंथरलेली असते, तिची कड पायरीपाशी किंवा कुंडीपाशी उघडी राहते. पडणारा बर्फ फेसाचा असेल तर तरंगत येतो आणि कोटावर वितळत नाही. मागची झाडं हिरवीगार, बोलताना तोंडातून वाफ नाही. कॉफीचा कप तर हमखास रिकामा, पेला धरणाऱ्याच्या मनगटावर भारच दिसत नाही.

नावं सांगायची तर दोन. 'द ख्रिसमस कार्ड' (२००६): हॉलमार्कचाच, पण ज्येष्ठ अभिनेता एड ॲस्नर आहे आणि या कामासाठी त्याला एमीचं नामांकन होतं. 'द मिसल-टोन्स' (२०१२, एबीसी फॅमिली): नाताळची गाणी गाणारे दोन गट आणि त्यांच्यातली चुरस, म्हणजे तुमचे दोन्ही विषय एकाच सिनेमात.

पडदानशीन
ॲप आणि बर्फ, दोन्ही करणार. नऊ वर्षांच्या मुलीसाठी छोटं काही?

खर्जातला
'एमेट ऑटर्स जग-बँड ख्रिसमस', १९७७, जिम हेन्सनचा बाहुल्यांचा सिनेमा. तासाच्या आत संपतो. गरीब पाणमांजरांचं मायलेकराचं घर आणि गावातली गाण्याची स्पर्धा, बक्षीस पन्नास डॉलर. आईच्या धुण्याच्या टबाला भोक पाडून मुलगा बेसचं वाद्य करतो, मुलाची हत्यारं गहाण टाकून आई पोशाखाचं कापड आणते. दोघं हरतात. पुढे आईचं गाणं आणि मुलांचं गाणं एकमेकांवर ठेवून गायली जातात आणि चपखल बसतात. पॉल विल्यम्सनं ती बांधलीच आहेत तशी. त्यामुळे स्पर्धेतली ही दोन गाणी आधी लक्ष देऊन ऐकायला सांगा, नाहीतर शेवटची गंमत निसटते.

प्रत तपासून घ्या. हक्कांच्या भानगडीत एका डीव्हीडीतून गोष्ट सांगणारा कर्मिट बेडूक कापला होता. सुरुवातीला सायकलवरचा बेडूक दिसला नाही, तर ती कापलेली प्रत. आणि स्पर्धेत रिव्हरबॉटम नाइटमेअर बँड आला की आवाज दोन घरं कमी करा, ते ठणाणा करतात.