मदत हवी आहे: न्यू जर्सीत ४०३(बी)वर आधीच भरलेला कर सिद्ध कसा करायचा?

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीत राहणाऱ्या, निवृत्त झालेल्या किंवा निवृत्तीला टेकलेल्या सगळ्यांना विचारते आहे.

माझं वय ६१, २००५ पासून इथल्या एका कॉलेजात नोकरी. नवरा ६२ चा, खासगी कंपनीत. त्याचं ४०१(के), माझं ४०३(बी), म्हणजे नोकरीतून मिळणारी निवृत्ती बचत खाती: पहिलं खासगी कंपन्यांत, दुसरं शाळा-कॉलेजांत. दोन्हीत पैसे कर कापायच्या आधी जातात, अशीच इतकी वर्षं समजूत. आमच्या सीपीएनेही (कर सल्लागार) कधी वेगळं सांगितलं नाही. यंदा दोघांचे डब्ल्यू-२ (वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारे फॉर्म) डायनिंग टेबलवर शेजारी ठेवले तेव्हा कळलं. माझ्या चौकट १ मधल्या फेडरल करपात्र पगारापेक्षा चौकट १६ मधला राज्याचा करपात्र पगार १२,००० डॉलरने जास्त, आणि चौकट १२ मध्ये ‘ई’ अक्षरापुढे, म्हणजे ४०३(बी)ची वर्गणी म्हणून, तेच १२,०००. नवऱ्याच्या दोन चौकटींत फरक आहे तो फक्त हेल्थ इन्शुरन्सच्या हप्त्याचा.

शोधल्यावर उलगडा झाला. न्यू जर्सीचा आयकर १९७६ च्या स्वतःच्या कायद्यावर चालतो, फेडरल उत्पन्नाचा आकडा जसाच्या तसा उचलत नाही. १९८४ पासून सूट मिळते ती फक्त ४०१(के)ला. ४०३(बी), ४५७ (मुख्यतः सरकारी नोकरांची तशीच योजना) आणि साध्या आयआरएत (स्वतः उघडायचं निवृत्ती खातं) घातलेल्या पैशांवर राज्य त्याच वर्षी कर घेतं. वॉशिंग्टनने २०२२ मध्ये सिक्युअर २.० हा निवृत्ती बचतीचा नवा कायदा आणला, तरी हे तसंच राहिलं.

म्हणजे माझ्या वर्गणीवर राज्याचा कर भरून झालाय. पैसे काढताना तेवढी रक्कम वगळता येते, पण हिशेब आपण ठेवायचा. पैसे काढल्यावर येणाऱ्या १०९९-आर फॉर्मवर दिसतो तो फेडरल हिशेब. मला डिसेंबरमध्ये निवृत्त होऊन सगळं आयआरएत रोलओव्हर करायचंय.

अडचण कागदांची आहे. आयआरएसकडून (फेडरल कर खातं) मागच्या दहा वर्षांचे ट्रान्सक्रिप्ट मिळाले. २००५ ते २०१५ चे डब्ल्यू-२ मात्र २०२१ मध्ये आयडा वादळात तळघरात पाणी शिरलं तेव्हा गेले. खोकं उघडलं तर आत नुसता लगदा. फंड कंपनीच्या जुन्या स्टेटमेंटमध्ये माझे आणि कॉलेजचे पैसे एकत्रच दाखवलेत, आणि कॉलेजच्या वाट्यावर तर कर भरलेलाच नाही. मग वेगळं काढायचं कसं?

सोशल सिक्युरिटीकडून जुने डब्ल्यू-२ कुणी मागवलेत का? त्यात चौकट १२ वाचता येते का? राज्याच्या कर विभागाने कुणाकडे पुरावा मागितला असेल तर काय चाललं, तेही सांगा.

दुसरं, २०२६ पासून ज्यांचा आदल्या वर्षीचा पगार १,५०,००० डॉलरच्या वर आहे त्यांना कॅच-अपचे पैसे (पन्नाशीनंतर घालता येणारी जादा वर्गणी) रॉथमध्येच (कर आज भरायचा, पुढे काढताना नाही) घालावे लागतात. नवरा त्यात बसतो, ६० ते ६३ वयाची ११,२५० ची मर्यादाही त्याला लागू आहे. त्या रकमेवरची राज्याची सूट त्याची जाईल. माझं उलट आहे, राज्याचा कर आज भरावाच लागतो, म्हणून उरलेल्या महिन्यांची सगळीच वर्गणी रॉथ ४०३(बी)त वळवावी असं वाटतंय, निदान नफा तरी पुढे करमुक्त राहील. फेडरल कर जास्त बसेल, त्याची तयारी आहे. असं कुणी केलंय का?

पे-रोलला या महिन्याअखेर कळवायचंय. लवकर उत्तर मिळालं तर फार मदत होईल.