पणजोबाले फौजेत धरून नेलं होतं का?

दर्यापूरकडचा आहो. आजी सांगे का तिच्या बापाले दुसऱ्या महायुद्धात सरकारनं धरून नेलं, बर्मात पायदळात होते म्हणे. पेटीत चांदणीवाला मेडल सापडला, मागं नंबर कोरला आहे. खरंच सक्ती होती का?

वऱ्हाडी_पोट्टा: नाही भाऊ, सक्ती इंग्लंडात होती, १९३९ च्या कायद्यानं १८ ते ४१ वयाचे माणसं. आपल्याकडं २५ लाखांच्या आसपास फौज झाली ते कायद्यानं सक्ती नसताना, पण घरी खायचे वांधे अन् तिकडं पगार, रेशन, बूट, आता त्याले मर्जी म्हणा का काय म्हणा.

कामठीवाला: चांदणीवर बर्मा स्टार (बर्माच्या लढाईतल्या फौजींले भेटे तो मेडल) लिहिलं का पाहा. मागचा सर्व्हिस नंबर असंन. डिस्चार्जचं, म्हंजे फौजेतून सुटताना भेटलेलं पुस्तक शोधा, पलटण समजली का त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसले लिहा. महार रेजिमेंट असली तं सेंटर मध्यप्रदेशात सागर गावाले आहे. अन् ब्रासोनं घासू नका राजेहो, अक्षरं जातात!