ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड: गटारातून बाहेर आलो, आता?

निशाचर:
२००६ चा ऑब्लिव्हियन हा गेम कॉलेजात मित्राच्या पीसीवर आळीपाळीने खेळायचो. २२ एप्रिल २०२५ ला त्याच्या नव्या रूपाची, म्हणजे रीमास्टर्डची, घोषणा झाली आणि त्याच दिवशी गेम आला, पण मला मुहूर्त आत्ता लागला. सव्वाशे जीबी जागा करायला लग्नाचे व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर हलवले (बायकोला अजून सांगितलेलं नाही). काल रात्री पॅट्रिक स्टुअर्टच्या आवाजातला सम्राट पुन्हा एकदा मेला. गटाराची जाळी उघडली तर समोर तळं, पलीकडे ते पांढरे पडके दगड. दोन मिनिटं नुसता उभा राहिलो. चेहऱ्यांवर सुरकुत्या आल्यात, बोलणं मात्र तेच नाटकी. मला तर तेच हवं होतं! एक विचारायचंय: लेव्हल वाढवताना पूर्वीसारखा वहीत हिशोब ठेवायचा का?

जुनी_तलवार:
वही रद्दीत घाल. आता दर लेव्हलला १२ गुण मिळतात, ताकद, वेग, नशीब अशा क्षमतांपैकी तीन ठिकाणी वाटायचे, एका ठिकाणी जास्तीत जास्त ५. नशीब महाग आहे, एकाला ४ मोजावे लागतात. आणि हो, धावता येतं बरं का आता.

काजवा:
वरचा रंग अनरियल ५ चा (चित्रं रंगवणारं नवं सॉफ्टवेअर), आतलं इंजिन जुनंच. शत्रू अजून तुझ्या लेव्हलबरोबरच वाढतात. पुढे वाटमाऱ्या काचेचं चिलखत घालून शंभर नाणी मागेल, तेव्हा हसू नकोस. म्हणून क्वाच शहराची मोहीम लवकर उरक.

निशाचर:
आज रात्रीच निघतो. घोडा विकत घेऊ का?

काजवा:
कशाला? वेनन प्रायरी या मठातल्या महंताशी बोल, फुकट देतो.