हृदयाच्या गोळ्या चालू असताना लैंगिक ताकदीच्या ‘शुद्ध हर्बल’ कॅप्सूल घेतल्या तर चालतात का?

हडपसरकर: वय ५४, अँजिओप्लास्टी झालेली. रोज रक्तदाबाची गोळी टेल्मिसार्टन ४०, प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन ०.४, आणि छातीत दुखलं तर जिभेखाली सॉर्बिट्रेट. ऑनलाइन मागवलेल्या डबीवर अश्वगंधा, शिलाजीत, सफेद मुसळी आणि गोखरू एवढंच छापलंय. ‘तासभर आधी एक कॅप्सूल’ असंही आहे. सुरू करू का?

औषधवाला, कोथरूड: अजिबात नको. ‘तासभर आधी’ ही ओळच संशयाची आहे. या चारांपैकी एकही घटक तासाभरात काम करत नाही. झालाच तर फरक पडायला आठवडे लागतात. पाऊण तासात परिणाम, चेहरा लाल, नाक चोंदलेलं, डोकं जड असं झालं तर आत सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) किंवा त्याच जातीचं टाडालाफिल मिसळलेलं असण्याची दाट शक्यता. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) अशा शेकडो उत्पादनांबद्दल इशारे दिलेत. मात्रा छापलेली नसते, आणि एकाच डबीतल्या दोन कॅप्सूल सारख्या असतील याचीही खात्री नाही.

तुमच्या बाबतीत खरा धोका सॉर्बिट्रेटचा. ते नायट्रेट आहे. तेही रक्तवाहिन्या सैल करतं आणि ही भेसळही; दोन्ही एकत्र आली की रक्तदाब धाडकन कोसळतो. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट चालत नाही. आत काय आहे ते ठाऊक नसेल तर ४८च धरायचे. टॅम्सुलोसिनमुळे उभं राहताना चक्कर येते ती वेगळीच.

वैद्य, सदाशिव पेठ: भेसळ नसली तरी बिनधास्त घेऊ नका. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत, थायरॉईडचे आकडेही हलतात. नीट शोधन (शुद्धीकरण) न केलेल्या शिलाजितात जड धातू राहू शकतात. कामिनी विद्रावण रस या ताकदीच्या आयुर्वेदिक औषधात तर अफू असते, त्याची सवय लागते. अशा विषारी घटकांच्या औषधांवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असं छापणं बंधनकारक आहे. आणि लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधाची जाहिरात करायलाच १९५४च्या कायद्याने बंदी आहे, म्हणजे भिंतींवर रंगवलेल्या अशा जाहिराती मुळातच बेकायदा.

नर्स, येरवडा: आधीच घेतली असेल आणि छातीत दुखलं तर सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवू नका. १०८ला फोन करा आणि येणाऱ्या डॉक्टरांना कॅप्सूल कधी घेतली ते वेळेसकट सांगा, डबी हातात द्या. लाजून लपवलं तर तेच नायट्रेट दवाखान्यात शिरेतून दिलं जाऊ शकतं. ताठरता ४ तासांपेक्षा जास्त टिकली तर कॅज्युअल्टी गाठा, सकाळची वाट पाहू नका.

औषधवाला, कोथरूड: अगदी बरोबर. हृदयाच्या डॉक्टरांना थेट विचारा. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) आणि सकाळचं टेस्टोस्टेरॉन करून घ्या. ताठरता कमी होण्यामागे अनेकदा रक्तवाहिन्याच असतात. दुष्परिणाम झाला तर औषधांच्या दुष्परिणामांसाठीच्या हेल्पलाइनवर, १८००-१८०-३०२४वर, नोंदवा. उरलेल्या कॅप्सूल आणि बिल टाकू नका, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना लागतात.