लो रेंज आहे ना, मग क्राऊन-पिनिअन कशाला? (परवाच्या प्रतिसादाला उत्तर)

गिअरतात्या
मारुतीच्या जिम्नी या फोर-बाय-फोर गाडीला मोठे टायर घालण्यावर चर्चा चालली होती, तिथे परवा एका महाशयांनी लिहिलं : "टायर कितीही मोठे घाला, लो रेंज आहे ना! क्राऊन-पिनिअन बदला म्हणणारे सगळे गॅरेजचे दलाल." दलाल तर दलाल. पण आता सविस्तरच ऐका. क्राऊन-पिनिअन म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या डिफरन्शियलमधली, शाफ्टच्या फेऱ्या कमी करून चाकाचा जोर वाढवणारी गिअरची जोडी. चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या लागतात, तो तिचा रेशो. आणि लो रेंज म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारा फोरव्हीलचा जादा गिअर, रोजची ती हाय रेंज.

लो रेंज कोरड्या डांबरावर वापरायची नसते. ४एल (फोरव्हील, लो रेंज) टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात, मध्ये दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नाही. वरंध्याच्या वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. तो फरक जिरायला जागाच नसते, शाफ्टमध्ये पीळ भरतो, लिव्हर अडकून बसतो. म्हणजे घाटात, ट्रॅफिकमध्ये, बेसमेंटच्या चढावर तुमच्याकडे हाय रेंजच. क्लच जळतो तो तिथे.

हिशोब शाळकरी आहे. जुना रेशो गुणिले नवा व्यास, भागिले जुना व्यास. मॅन्युअल जिम्नीचा रेशो ४.०९, मूळ टायर १९५/८० आर १५, म्हणजे ६९३ मिमी. ३१ इंची टायर ७८७ मिमी. उत्तर येतं ४.६५. तसाच ४.०९ ठेवलात तर जमिनीवर पोचणारा जोर १२ टक्क्यांनी घटला. इंजिन १३४ न्यूटन-मीटरचं, तेही ४००० आरपीएमला. त्यातून १२ टक्के काढून दाखवा.

आणि हा नुसता व्यासाचा हिशोब झाला. मड टायरचं वजन त्यात धरलेलंच नाही, आणि ते वजन बरोब्बर कडेला असतं, फिरवायला सगळ्यात महाग. म्हणून उत्तर येईल त्याच्या वरची पायरी, म्हणजे मिळणारा पुढचा मोठा रेशो घ्यावा, खालचा नाही.

चिखलमित्र
३१ चं उदाहरण घेऊन २३५ वाल्यांना घाबरवायचं, ही जुनी युक्ती आहे तात्या. इथे विचारणाऱ्यांतले बहुतेक २३५/७५ आर १५ घालतात. व्यास ७३३.५ मिमी, वाढ ५.८ टक्के. जिम्नीचा पाचवा गिअर १.००, ओव्हरड्राइव्ह (इंजिनपेक्षा शाफ्ट जास्त फिरवणारा गिअर) नाहीच. मूळ टायरवर १०० च्या वेगाला इंजिन ३१३० च्या आसपास बोंबलतं, २३५ वर ते २९६० वर येतं. एक्सप्रेसवेवर हा फायदा आहे, तोटा नाही!

लो रेंजमधल्या पहिल्या गिअरचं म्हणाल तर ४.४२५ × २.००२ × ४.०९, म्हणजे ३६.२. टायरमुळे तो ३४.२ सारखा वागतो. या दोनासाठी दोन डिफरन्शियल उघडायची?

शिवाय रेशो वाढवला की पिनिअन बारीक होतो, हे तुमच्या लेखात सोयीस्कर गळलंय. ४.१० म्हणजे क्राऊनच्या ४१ दातांना पिनिअनचे १०, ४.८८ म्हणजे ३९ ला ८, ५.३८ म्हणजे ४३ ला ८. हौसिंग तेवढंच. मोठा टायर दोन दगडांत फसला की सगळा मार त्या आठ दातांवर.

सरळसोट
तुम्ही दोघं दात मोजा. २३५ घातले की ॲव्हरेज १४ वरून १२.५ वर येतं, ते कोण भरून देणार?

चिखलमित्र
येत नाही. मोठा टायर एका फेरीत जास्त अंतर कापतो, पण मीटरला अजून जुनाच टायर माहीत आहे. मीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०५.८ किमी गेलेली असते. तुमचं १२.५ म्हणजे खरं १३.२. उरलेला ०.८ टायरच्या वजनाचा आणि खाचांचा, तो मान्य.

सरळसोट
वा! म्हणजे पेट्रोल तेवढंच जाळायचं आणि मनात १०५ धरायचे. हे गणित पंपावर सांगून बघा.

चिखलमित्र
पंपाचा संबंध काय? एक्सप्रेसवेवरचे किलोमीटरचे दगड धरून २० किमी मोजा, मीटर १९ सुद्धा दाखवणार नाही. मग बोला.

गिअरतात्या
म्हणूनच तर म्हणतो, रेशो बदला. मीटर आपोआप बरोबर होतो.

हातोडीपान्हा
तात्या, हे अर्धसत्य आहे. जिप्सीत मीटरची केबल ट्रान्सफर केसमधून (जोर पुढच्या-मागच्या शाफ्टला वाटणाऱ्या पेटीतून) निघते. टायरच्या प्रमाणात क्राऊन-पिनिअन बदलला की एका किलोमीटरला शाफ्टच्या फेऱ्या पुन्हा पूर्वीइतक्या होतात, मीटर सुधारतो. ज्या गाड्या चाकावरच्या एबीएस सेन्सरवरून वेग घेतात, त्यांत सेन्सर डिफरन्शियलच्या पलीकडे असतो. आत काहीही बदला, चाकाच्या फेऱ्या त्याच. तिथे टायरचा आकार कॉम्प्युटरलाच सांगावा लागतो.

गिअरतात्या
बरं. जिप्सीपुरतं माझं खरं धरा. उपकार झाले.

सरळसोट
म्हणजे ३१ वाला काट्यावर ८० बघून ९० ने जाणार, आणि चलन आलं की कॅमेऱ्याला शिव्या.

रानवाट
एवढं कशाला? हवा १५ पीएसआयवर आणा. टायर बसतो, व्यास कमी होतो, रेशो फुकटात सुधारतो.

हातोडीपान्हा
नाही सुधारत. रेडियल टायरमध्ये खाचांखाली स्टीलचा पट्टा असतो, त्याची लांबी ठरलेली. हवा काढली की ॲक्सल खाली येतो, पण पट्टा रणगाड्याच्या साखळीसारखा तेवढाच फिरतो. एका फेरीचं अंतर जेमतेम बदलतं. खडूची रेघ मारा टायरवर आणि खाली फरशीवर, गाडी सरळ पाच फेऱ्या ढकला, टेपने मोजा, पाचने भागा. मग हवा काढून पुन्हा करा. हिशोबातही हाच आकडा धरावा. टायरवर ३१ छापलंय म्हणून तो ३१ भरतोच असं नाही.

रानवाट
सकाळी सकाळी गाडी ढकलायला लावताय लोकांना. पण पट्ट्याचा मुद्दा पटला.

कायदेपंडित
आरटीओबद्दल एक शब्द नाही कुणाचा. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ वाचा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलंय की कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. अपघात झाल्यावर विमावाला आधी टायर बघेल.

गिअरतात्या
नोंद घेतली. आता विषयावर येऊ?

कोलोरॅडोकर
इकडून रँग्लरचं सांगतो. जीपने २०२१ मध्ये रँग्लरच्या रुबिकॉन मॉडेलला कारखान्यातूनच ३५ इंची टायर दिले, तेव्हा रेशोही ४.१० वरून ४.५६ केला. साध्या हिशोबाने, ३२.७ वरून ३५ जाताना, ४.३९ पुरला असता. कारखान्यानेही वरचीच पायरी घेतली. इथे ३.४५ वाल्या रँग्लरवर ३५ घालून लोक फिरतात. आठवा गिअर शोभेचा, आणि चढावर गिअरबॉक्स सहा-सातमध्ये नुसता घुटमळतो.

पण एक खर्च कुणी सांगत नाही. डाना ४४ सारख्या ॲक्सलमध्ये ठरावीक रेशोच्या वर गेलं की क्राऊन ज्या केसवर बसतो तो केसही बदलावा लागतो. आधी तपासा, मग ऑर्डर द्या.

चिखलमित्र
रँग्लरला आठ गिअर, त्यातले दोन ओव्हरड्राइव्ह. जिम्नीशी तुलना करू नका.

कोलोरॅडोकर
तुलना पायरीची केली, गाडीची नाही. वाचून उत्तर द्यायची पद्धत आहे इकडे.

हातोडीपान्हा
भांडा. तोवर कामाचं लिहितो, कारण रेशो चुकून गाड्या बिघडत नाहीत तेवढ्या बसवणी चुकून बिघडतात.

आधी मूळ रेशो ओळखा. मागची चाकं उचला, एक चाक धरून ठेवा, दुसरं बरोबर दोन फेरे फिरवा, शाफ्टच्या फेऱ्या मोजा. चारच्या थोडं वर आलं की ४.०९ किंवा ४.१०. पुढे आणि मागे रेशो एकच हवा, नाहीतर फोरव्हीलमध्ये दोन्ही ॲक्सल एकमेकांशी कुस्ती खेळतात.

पिनिअनखालची जुनी शिम (पातळ चकती) मायक्रोमीटरने मोजा, सुरुवात तेवढ्याच जाडीने करा. जुन्या बेअरिंगचं भोक आतून थोडं घासून सैल करा, म्हणजे शिम बदलताना दरवेळी प्रेसवर जावं लागणार नाही. नवं बेअरिंग शेवटी. क्राऊनच्या तीन-चार दातांना पिवळी पेस्ट लावा, पिनिअनवर हलका दाब ठेवून दोन्हीकडे फिरवा. ठसा दाताच्या मुळाशी उमटला तर पिनिअन फार आत गेलाय, शिम कमी करा. टोकाशी उमटला तर वाढवा. मधोमध आला पाहिजे, प्ले (दातांमधली मोकळीक) साधारण ०.१५ ते ०.२० मिमी. इथे "चालतंय" म्हणून सोडलं की ६० च्या वेगावर गिअरचं रडणं सुरू.

सगळ्यात जास्त घोटाळा क्रश स्लीव्हचा. पिनिअनचा नट आवळताना ती चेपते आणि बेअरिंगला ताण देते. जरा जास्त चेपली की नट ढिला करून भागत नाही, स्लीव्ह नवी घालावी लागते. जुनीच ठेवून नट मागे घेणारे कारागीर भरपूर आहेत. सहा महिन्यांत पिनिअन हलायला लागतो आणि दोष रेशोला लागतो.

पहिले ३० किमी हळू, मग गाडी पूर्ण थंड होऊ द्या. ८०० किमीला तेल बदला. तोवर ट्रेलर ओढायचा नाही.

रानवाट
त्यापेक्षा ट्रान्सफर केसमधले रिडक्शन गिअर बरे. एकच पेटी उघडायची.

हातोडीपान्हा
बरे, पण वाढलेला जोर मग शाफ्ट आणि यूजे क्रॉसमधून (शाफ्टच्या सांध्यांतून) जातो. क्राऊन-पिनिअनमध्ये जोर शेवटी वाढतो, शाफ्ट सुटतो. फुकट काहीच नाही.

गिअरतात्या
बरं, २३५ ला नको. घेतली माघार, करा आनंद. तरी ज्याला खाज आहे त्याने ऐकावं : उत्तर ४.३३ येतं, आणि जपानच्या ऑटोमॅटिक सिएराला (तिकडच्या जिम्नीला) ४.३० आहेच. ३१ वाल्यांनी मात्र ४.०९ वर घाट चढून दाखवू नये.

चिखलमित्र
३१ ला रेशो हवा, यावर वाद नव्हताच. पण त्याआधी ब्रेक बघा. टायर जेवढा मोठा तेवढी ब्रेकची पकड जमिनीवर कमी पोचते, आणि क्राऊन-पिनिअन त्यात काही करत नाही. उताराला इंजिन ब्रेकिंग सुधारतं, तेवढंच.

सरळसोट
ॲव्हरेजचं मी मान्य केलेलं नाही, याची नोंद असावी.