मदत हवी आहे : १८६० वाल्या नंबरला पैसे कटतात का?

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, कापूस-तुरीवाले. यंदा थोडं सोयाबीनही पेरलं, पण नीट उगवलं नाही. बियाण्याच्या पिशवीवर मागे, शिलाईच्या अगदी जवळ, बारीक अक्षरात कंपनीचा नंबर होता, १८६० ने सुरू होणारा. बाबांनी बटनाच्या फोनवरून लावला. बराच वेळ नुसतं संगीत वाजत राहिलं आणि बॅलन्स संपला.

१८०० वाल्या नंबरचे पैसे ज्याचा नंबर असतो तो भरतो. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ तसाच आहे, बाबा त्यावर मनसोक्त बोलतात. १८६० ला मात्र लोकल कॉलचा दर आपल्यालाच पडतो. मग अनलिमिटेड रिचार्जमध्ये हे कॉल धरतात का? वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमचा अनुभव सांगा.

दुसरं, बाबांना एसटीडी कोड तोंडपाठ आहेत : यवतमाळ ०७२३२, नागपूर ०७१२. कोड पाहिला की फोन कुठं वाजणार ते कळतं. १८०० मध्ये गावच नसतं. आतली यंत्रणा त्यामागचा खरा नंबर शोधून फोन तिकडं वळवते, एवढं मी त्यांना सांगितलं. पण एकच नंबर लावून आपल्याला मराठी बोलणारा माणूस कसा मिळतो? फोन कुठून आला यावरून ठरतं की सिम कुठलं यावरून? आमच्याकडे तेलंगणाची सीमा जवळ, तिकडचं सिम वापरणारेही बरेच आहेत, म्हणून विचारतो.

टेलिफोन खात्यात काम केलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा. बाबांना वाचून दाखवायचं आहे.